मोठा ए, छोटा ए आणि कऱ्हाडकर काकू

"अरे, आम्ही वर्गणी दिलीच नाही असं तुमची यादी सांगते म्हणे?" इंदूरच्या रामबागेतून कऱ्हाडकर काकूंचा फोन. आमच्या मंडळाची गणपतीची यादी तीन वर्षांत तीन जणांनी टाइप केलेली. एकाने नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिली, दुसऱ्याने छोट्या, तिसऱ्याने देवनागरीत. मी शोधलं ते छोट्या अक्षरांत. पावती हातात असून काकू बाद!

संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. आस्की संकेतात, म्हणजे इंग्रजी अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत, मोठा ए म्हणजे 65, छोटा ए म्हणजे 97. 1963च्या पहिल्या आवृत्तीत छोटी अक्षरं नव्हतीच, ती 1967मध्ये आली. फरक मात्र झेडपर्यंत सगळीकडे नेमका 32, म्हणजे एका बिटाचा (शून्य किंवा एक अशा एकाच खुणेचा). तो बिट दुर्लक्षिला की मोठं-छोटं एक! पण डोळे मिटून असं केलं तर चौकोनी कंस (91) आणि महिरपी कंस (123) हेही जुळे भाऊ ठरतात, कारण तिथेही फरक 32च. 'मोठ्या ए पासून छोट्या झेडपर्यंत काहीही' असा नमुना, म्हणजे काय शोधायचं त्याचं वर्णन, लिहिणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. मोठा झेड 90 वर संपतो, छोटा ए 97 वर सुरू होतो, आणि मधली सहा चिन्हं फुकटात आत शिरतात.

म्हणून नमुना शोधणारी सॉफ्टवेअर जरा जपून वागतात. एक तर नमुन्यातल्या प्रत्येक अक्षराच्या जागी 'हे किंवा ते' अशी जोडी ठेवतात, नाहीतर मजकूर आणि नमुना दोन्ही एका साच्यात (सगळं मोठ्या किंवा सगळं छोट्या अक्षरांत) घालून मग तुलना करतात. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेला आय हा पर्याय दिला की हेच घडतं.

इंग्रजीपुरतं हे भागतं. जर्मनमध्ये रस्त्याला जो शब्द आहे त्यात दुहेरी एसचं एकच अक्षर येतं. मोठ्या अक्षरांत लिहिताना परंपरेने त्याचे दोन एस होतात, आणि सहा अक्षरांचा शब्द सात अक्षरी बनतो. मग साच्यात सापडलेली जागा मूळ मजकुरात सरकते. ही कटकट नको म्हणून नमुना शोधणारी बहुतेक सॉफ्टवेअर एकास-एक जुळणीच करतात, आणि हे दोन शब्द वेगळेच राहतात. तुर्कीत तर छोट्या आयचं मोठं रूपही टिंबासकट असतं, बिनटिंबाच्या आयची जोडी निराळी. म्हणजे भाषा कोणती हे कळल्याशिवाय साचाच ठरत नाही.

देवनागरीत मोठं-छोटं नाही, म्हणून आपण सुटलो असं मला वाटलं होतं. कुठलं काय! 'कऱ्हाडकर'मधला तो ऱ्ह कुणी खाली टिंब असलेल्या र ने टाइप करतो, तर कुणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, आत आकड्यांच्या माळा निराळ्या. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या आकडेपद्धतीचं प्रमाणीकरणही (एकाच अक्षराच्या निराळ्या माळा एकसारख्या करणं) त्या दोघांना एक करत नाही. अदृश्य जोडक काढून टाकावा म्हटलं, तर ऱ्हच्या जागी ह वर रफार चढतो. मोठं-छोटं एक मानण्याचा पर्याय इथे काहीच कामाची नाही.

शहराच्या नावाचंही तेच. मराठीत इंदूर, हिंदीत इंदौर, जुन्या वळणाने इन्दूर. हे सगळे एकत्र हवे असतील तर नमुना हातानेच रचावा लागतो: इ, मग अनुस्वार किंवा न्, मग द, त्याला ऊकार किंवा औकार, शेवटी र.

तसाच नमुना कऱ्हाडकरांसाठी रचून तिन्ही वर्षांच्या याद्या चाळल्या. देवनागरी यादीत काकू दोनदा निघाल्या, एकदा या ऱ्हने, एकदा त्या. वर्गणीही दोनदा लिहिलेली. आता हे त्यांना फोनवर कसं सांगायचं, ते ठरवतोय.