विजयदुर्ग : तटबंदी व तोफांचा बंदोबस्त

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी, तीन बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूशिरावर हा किल्ला उभा आहे. शेजारच्या गिर्ये गावावरून इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘घेरिया’ म्हटलेले आढळते. आंग्र्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत बळकट सागरी ठाण्यांत त्याची गणना होई.

कालनिश्चिती : मूळ किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला, असे परंपरेने मानतात. मात्र तोफांची तोंडे बाहेर काढण्यासाठी ठेवलेले झरोके, रुंद फांजी (तटावरील चालण्याची वाट) आणि बाहेर पुढे आलेले गोल बुरूज ही बांधणी तोफा प्रचारात आल्यानंतरचीच असणार. आज दिसणारा कोट बहुतांशी सतराव्या शतकातील किंवा त्यानंतरचा धरणे अधिक सयुक्तिक होय. शिवाजी महाराजांनी किल्ला आदिलशाहीकडून 1653 मध्ये घेतला, असे एक मत आहे. त्याचा मुख्य आधार नाव हाच आहे. शके 1575 हे विजय संवत्सर होते, त्यावरून ‘विजयदुर्ग’, असा हा युक्तिवाद. दुसऱ्या मतानुसार दक्षिण कोकणातील मोहिमा 1660 नंतरच्या असल्याने किल्लाही तेव्हाच स्वराज्यात आला. संवत्सराचा मेळ लक्षवेधी असला, तरी किल्ल्याला ‘विजय’ हे नाव देण्यास पंचांगाची गरज लागतेच असे नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तिहेरी तटबंदीचे श्रेय महाराजांना देण्याबाबत सहसा दुमत नाही.

रचना : तट एकाआड एक तीन असून आतला बाहेरच्याहून उंच आहे. त्यामुळे एकाच दिशेला वेगवेगळ्या उंचीवरून मारा करता येई. खालच्या तटावरचा गोळा पाण्याला जवळजवळ समांतर जातो, पाण्यावर टप्पे घेत गलबताच्या कुशीत घुसतो. वरच्या बुरुजावरचा गोळा डेकवर आणि शिडांवर कोसळतो. बुरुजांमध्ये खूबलढा, व्यंकट, दर्या, गणेश ही नावे आजही गावकऱ्यांच्या तोंडी आहेत. बांधकामात जांभा मोठ्या प्रमाणावर आहे. हा दगड सच्छिद्र असल्याने गोळा लागला की तो काळ्या पाषाणासारखा तडकत नाही, तेवढ्या जागी खळगा पडतो. पण खारा वारा आणि पाऊस त्याला पोखरतात, हा त्याचा दोष.

पाण्याखालील भिंत : पश्चिमेकडे समुद्रात बुडालेली एक दगडी भिंत असून शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, अशी आख्यायिका स्थानिकांत दृढ आहे. पाणबुड्यांनी केलेल्या पाहणीनंतर तिची लांबी सुमारे 122 मीटर, रुंदी 7 मीटर आणि उंची 3 मीटर अशी सांगितली जाते. ती मानवनिर्मित, की नैसर्गिक कातळावर रचलेली, याविषयी एकमत नाही. तिच्या उपयुक्ततेचा विचार करताना भिंतीच्या माथ्यावर ओहोटीला किती पाणी राहते, हाच खरा प्रश्न आहे. कोकणी गुराबा (लढाऊ जहाजे) व गलबते उथळ बुडाची, तर युरोपीय लढाऊ जहाजे खोल पाणी घेणारी. हा फरक ध्यानी घेतला, तर आपल्या गलबतांना वाट मोकळी आणि परक्याला धोक्याची, अशी योजना अशक्य नव्हती. तरी प्रत्यक्ष एखादे जहाज या भिंतीवर फुटल्याचा निःसंदिग्ध समकालीन पुरावा उपलब्ध नसल्याने आख्यायिकेला त्याच मर्यादेत ठेवावे.

तोफा व दारू : तोफेचा प्रत्येक बार उडाल्यावर नळीत राहिलेली ठिणगी ओल्या बोळ्याने विझवायची, मग दारू, गच्च बोळा आणि गोळा ठासायचा, कान्यात (तोफेच्या मागच्या छिद्रात) रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालून बत्ती द्यायची, असा गोलंदाजाचा क्रम. कोकणात याहून अवघड काम पावसाळ्याचे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त पावसाळ्यात तोफांना तेल-मेण देऊन काने मेणाने बुजवावे, वर आच्छादन घालावे आणि दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, अशी ताकीद आहे. समुद्र बंद असलेल्या त्या महिन्यांत हल्ल्याची भीती कमी असली, तरी नारळी पौर्णिमेनंतर पहिला बार उडेल की नाही, हे या निगेवर ठरे.

हल्ले : इंग्रजांचा 1717 चा हल्ला फसला. 1720 मध्ये त्यांनी ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना आणला, तोही निरुपयोगी ठरला. 1724 मध्ये डचांनाही माघार घ्यावी लागली. 1755 च्या अखेरीस इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स याने किल्ल्याजवळच्या पाण्याची खोली मोजली आणि मोठी जहाजे तटाच्या माऱ्यात आणता येतील, असा निर्वाळा दिला. फेब्रुवारी 1756 मध्ये ॲडमिरल वॉटसनचा ताफा खाडीच्या मुखातून आत शिरला. जमिनीवरील सैन्य क्लाइव्हच्या हाताखाली होते, तर आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या पेशव्यांची फौजही भूमार्गाने आली होती. दुपारनंतर एका स्फोटक गोळ्याने आंग्र्यांच्या एका जहाजाला आग लागली आणि दाटीने नांगरलेले जवळजवळ सगळे आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. किल्ल्याचा धनी तुळाजी आंग्रे त्यापूर्वीच पेशव्यांच्या छावणीत गेला होता. आत सापडलेल्या तोफांचा आकडा वेगवेगळ्या वृत्तांतांत दोनशे ते अडीचशे असा येतो. इतक्या तोफा असलेला किल्ला दोन दिवसांत का पडला, याचे उत्तर तटाच्या मजबुतीत शोधण्यापेक्षा तटाखालच्या आगीत शोधणे योग्य. आरमार गेले, तेव्हा त्याच्या रक्षणासाठी लढणाऱ्या शिबंदीचा धीर सुटला असावा.

त्याच वर्षी बाणकोट किल्ल्याच्या बदल्यात किल्ला पेशव्यांकडे आला. पुढे धुळपांच्या सरदारकीत मराठी आरमाराचे ठाणे येथेच राहिले. 1818 मध्ये तो पुन्हा इंग्रजांच्या हाती गेला. आज किल्ल्यात गंजलेल्या लोखंडी गोळ्यांचा ढीग दिसतो, आणि समुद्राकडील तटाचे दगड पावसाळ्यात अधूनमधून ढासळतात.