वैद्यकीय आसंजकांची ॲलर्जी

जखमेवरच्या चिकटपट्ट्या, सलाइनची सुई धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, दंडावर लावायचे ग्लुकोज-संवेदक आणि टाक्यांऐवजी वापरला जाणारा शस्त्रक्रियेचा गोंद यांतील रसायनांमुळे होणारा स्पर्शजन्य त्वचाशोथ. ही विलंबित (चौथ्या प्रकारची) अतिसंवेदनशीलता असून ती प्रतिपिंडांमुळे नव्हे, तर टी-पेशींमुळे (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) उद्‌भवते.

पट्टीखालची प्रत्येक लाली ॲलर्जी नसते. पट्टी ओढताना त्वचेचा वरचा थर सोलला जाणे किंवा खाली घाम कोंडणे हे कितीतरी अधिक आढळते, आणि अशी लाली सहसा एकदोन दिवसांत ओसरते. ॲलर्जीत खाज ठळक असते. पुरळ व बारीक पाणीदार फोड सुरुवातीला पट्टीच्या आकारात उठतात, नंतर कडेबाहेर पसरतात आणि पट्टी काढल्यावरही वाढू शकतात.

रबरयुक्त चिकटपट्टीचा उगम वादग्रस्त आहे. काहीजण तिचे श्रेय हॅम्बुर्गचे पाउल बायर्सडॉर्फ यांच्या १८८२ च्या पेटंटला देतात. ते पेटंट मात्र गटापर्चाचा (रबरासारखा झाडाचा चीक) थर दिलेल्या औषधी पट्टीचे होते. अमेरिकेत होरेस डे व विल्यम शेकट यांना १८४५ मध्ये मिळालेले पेटंट पाहता त्यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. जुन्या झिंक ऑक्साइड पट्ट्यांत चिकटपणासाठी चिडाच्या झाडाची राळ घालत. तिच्यातील ॲबिएटिक आम्लाचा हवेशी संयोग होऊन बनणारी हायड्रोपेरॉक्साइडे ही ॲलर्जीची मुख्य कारके होत. पुढे ॲक्रिलेट पट्ट्या आल्या व हा त्रास घटला. तथापि ग्लुकोज-संवेदकांतील आयसोबोर्निल ॲक्रिलेटची ॲलर्जी २०१७ मध्ये बेल्जियममधून नोंदली गेली.

शस्त्रक्रियेचे बहुतेक त्वचा-गोंद सायनोॲक्रिलेट वर्गातील असतात. ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांना ही रसायने १९४२ च्या सुमारास आढळली; १९५८ मध्ये ती गोंद म्हणून बाजारात आली. आखूड साखळीचे प्रकार शरीरात लवकर विघटन पावून फॉर्माल्डिहाइड सोडतात, म्हणून त्वचेसाठी ब्यूटिल व ऑक्टिल प्रकार पुढे आले. ऑक्टिल गोंदाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

सायनोॲक्रिलेट ॲलर्जी घडवूच शकत नाही, असे बराच काळ मानले जाई. त्वचेवरच्या ओलाव्याने त्याचे क्षणात बहुवारिक (लहान रेणू जोडून झालेली लांब साखळी) बनते व ते केराटिनला (त्वचेच्या वरच्या थरातील प्रथिन) जखडले जाते. एकवारिक (सुटा लहान रेणू) आत पोहोचतच नाही, असा युक्तिवाद होता. १९८० च्या दशकात कृत्रिम नखांच्या गोंदामुळे झालेल्या त्वचाशोथाच्या नोंदींनी त्याला तडा गेला. पुढे गुडघारोपण, स्तनशस्त्रक्रिया इत्यादींनंतरही रुग्ण नोंदले गेले. गोंदासोबतच्या जाळीतील बेंझाल्कोनियम क्लोराइड (एक जंतुनाशक) किंवा सुटलेले फॉर्माल्डिहाइड हेच खरे कारण असावे, असेही एक मत आहे. परंतु अनेक रुग्णांची चाचणी खुद्द सायनोॲक्रिलेटलाच सकारात्मक येते. शिवाय उघड्या जखमेच्या कडेला केराटिनचा अडसर नसतो. त्यामुळे खऱ्या संवेदीकरणाचा (शरीर त्या पदार्थाला ॲलर्जिक बनण्याचा) पक्ष अधिक भक्कम दिसतो.

पहिल्या संपर्कानंतर पुरळ एकदोन आठवड्यांनी उठते, आधी संवेदीकरण झाले असल्यास दोनतीन दिवसांत. ओली, लाल जखम पाहून जंतुसंसर्ग समजून विनाकारण प्रतिजैविके दिली जातात. ताप व पू नसताना तीव्र खाज असेल, तर गोंदाचा संशय अवश्य घ्यावा.

निदानासाठी योझेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली पट्टी-चाचणी करतात. पदार्थ पाठीवर ४८ तास लावून ठेवून तेव्हा आणि पुन्हा ७२ ते ९६ तासांनी वाचन करतात. केवळ इथिल सायनोॲक्रिलेटने केलेली चाचणी फसवी नकारात्मक येऊ शकते, म्हणून प्रत्यक्ष वापरलेला गोंदही तपासणे इष्ट. भारतात टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉलमुळे कपाळावर पडणारे पांढरे डाग हा जवळचा, परंतु वेगळा विकार आहे.

उपचारात गोंद पेट्रोलियम जेलीने सैल करून काढतात व स्टेरॉइड मलम लावतात. नाजूक त्वचेवर सिलिकोन-आधारित पट्ट्या वापरतात. गोंदाचे नेमके नाव रुग्णाच्या केसपेपरवर ठळक लिहिले जाणे अत्यावश्यक आहे. नुसते ‘पट्टीची ॲलर्जी’ लिहिल्यास पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तोच गोंद पुन्हा वापरला जाऊ शकतो.