नारिंगी, हिरवी, निळी: आमच्या कपाटांतल्या जुन्या पेंग्विन पुस्तकांविषयी

दुकानात शिरल्यावर डाव्या हाताच्या कपाटांत खिशात मावतील अशी नारिंगी आणि हिरवी पुस्तकं दिसतात. ती चाळताना बहुतेक ग्राहक आम्हाला तेच विचारतात. ही सगळी एकसारखी का? रंगांना काही अर्थ आहे का? शेजारीशेजारी ठेवलेल्या, अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन प्रतींच्या किमतींत एवढा फरक कसा? काउंटरवर गर्दी असली की नीट उत्तर देणं जमत नाही. म्हणून हे पत्रक. घरी न्या, सावकाश वाचा.

आमचा या पुस्तकांवर जीव आहे, हे आधीच सांगतो. स्वस्त पुस्तक कसंही छापलं तरी चालतं, हा समज आजही पक्का आहे. ही कपाटं तो समज खोटा पाडतात.

पाच रुपयांचं पुस्तक पाच आण्यांत

पेंग्विन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेचे संस्थापक अ‍ॅलन लेन १९०२ साली ब्रिस्टलमध्ये जन्मले. त्यांचे नातेवाईक जॉन लेन यांची लंडनमध्ये ‘द बॉडली हेड’ ही प्रकाशनसंस्था होती. तिथे अ‍ॅलन १९१९ साली उमेदवारीला लागले. जॉन लेन यांना मूल नव्हतं. नाव पुढे चालावं म्हणून अ‍ॅलनच्या कुटुंबाने आपलं मूळचं विल्यम्स हे आडनाव सोडून लेन हे आडनाव घेतलं.

पेंग्विनच्या जन्माची कथा अशी सांगतात. १९३४ साली लेन डेव्हनमध्ये अगाथा ख्रिस्तींना भेटून परत निघाले होते. एक्सेटर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना त्यांनी बुकस्टॉल धुंडाळला. मासिकं होती, भिकार पुनर्मुद्रणं होती, पण वाचावंसं काही मिळेना. चांगलं लेखन सिगारेटच्या पाकिटाच्या किमतीत का मिळू नये, असं त्यांच्या मनात आलं.

या कथेत एक नाव बहुतेक वेळा सुटतं. हॅम्बर्गच्या अल्बाट्रॉस या प्रकाशनाने १९३२ पासूनच इंग्रजी पुस्तकं कागदी बांधणीत काढायला सुरुवात केली होती. सुटसुटीत आकार, विषयानुसार ठरवलेले रंग, नावाला एक पक्षी, हे सगळं त्यांच्याकडे होतं. मात्र ती पुस्तकं ब्रिटिश साम्राज्यात विकायला परवानगी नव्हती. लेन यांनी तो आकार आणि ती रंगांची पद्धत उचलली. त्यांची स्वतःची करामत हिशेबात आणि हिमतीत होती.

हिशेब आपल्या नाण्यांत मांडून पाहू. त्या काळी इंग्लंडमध्ये नव्या कादंबरीची पुठ्ठा-बांधणीतली प्रत साडेसात शिलिंगांना मिळे. रुपयाचा दर तेव्हा दीड शिलिंग होता, म्हणजे प्रत बरोबर पाच रुपयांना पडे. पेंग्विनची किंमत सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग, आपले पाच आणे चार पै. एवढ्या कमी किमतीत एका पुस्तकाच्या १७-१८ हजार प्रती खपल्याशिवाय घातलेले पैसेही परत येत नव्हते. बरेच प्रकाशक आणि विक्रेते तेव्हा या योजनेकडे संशयाने पाहत होते. सहा पेन्सात आमच्या हाती काय उरणार, असं विक्रेते म्हणत. दुकानदार म्हणून त्यांची काळजी आम्हाला समजते.

वेळ निभावली ती वुलवर्थच्या दुकानांमुळे. तिथे सुया, कप, खेळणी असा माल सहा पेन्सांच्या आतच विकला जाई. त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याला ही पुस्तकं फारशी रुचली नव्हती, पण त्याच्या पत्नीने ती पाहून पसंती दिली, असा किस्सा प्रसिद्ध आहे. वुलवर्थने ६३,५०० प्रतींची ऑर्डर दिली. ३० जुलै १९३५ रोजी पहिली दहा पुस्तकं बाजारात आली. त्यांत हेमिंग्वे होते, अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्सही होत्या. वर्षभरात तीस लाख प्रती विकल्या गेल्या.

पेंग्विन हे नाव ऑफिसातल्या सेक्रेटरी जोन कोल्स यांनी सुचवलं. चित्र काढायचं काम एडवर्ड यंग या २१ वर्षांच्या कर्मचाऱ्यावर आलं. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन दिवसभर रेखाटनं करत बसला आणि या पक्ष्यांना काय घाण वास येतो, अशी तक्रार करत परतला.

जानेवारी १९३६ मध्ये लेन यांनी रिचर्ड आणि जॉन या भावांना सोबत घेऊन शंभर पौंडांच्या भांडवलावर स्वतंत्र कंपनी काढली. मेरिलबोन रोडवरच्या एका चर्चचं तळघर हे गोदाम होतं आणि रस्त्यावरून गठ्ठे खाली सोडायला जत्रेतली घसरगुंडी बसवली होती. पुढे १९३७ साली कंपनी हार्मंड्सवर्थला गेली. तिथल्या जमिनीला दोन हजार पौंड पडले, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या कोबीच्या पिकाचे वर दोनशे. जुन्या प्रतींच्या आतल्या पानावर ‘हार्मंड्सवर्थ, मिडलसेक्स’ असा पत्ता दिसेल, तो याच जागेचा.

निळी पेलिकन आणि कृष्ण मेनन

आमच्या मराठी ग्राहकांना हा भाग आम्ही आवर्जून सांगतो. १९३७ साली पेंग्विनने ज्ञानविषयक पुस्तकांसाठी पेलिकन ही फिकट निळी माला सुरू केली. तिचं पहिलं पुस्तक बर्नार्ड शॉ यांचं होतं, समाजवाद आणि भांडवलशाही समजावून सांगणारं. या मालेच्या पहिल्या संपादकांमध्ये प्रमुख होते व्ही. के. कृष्ण मेनन. लंडनमध्ये राहून इंडिया लीगतर्फे भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणारे आणि पुढे आपले संरक्षणमंत्री झालेले तेच मेनन. १९५७ आणि १९६२ साली ते लोकसभेवर निवडून गेले ते उत्तर मुंबईतून. लेन यांच्याशी त्यांचं फार काळ पटलं नाही आणि ते लवकरच बाहेर पडले.

अर्थशास्त्र, मानसशास्त्र, पुरातत्त्व, खगोलशास्त्र असे विषय, लिहिणारी माणसं त्या त्या विषयातली जाणकार, आणि किंमत सहा पेन्स! कॉलेजात जाता न आलेल्या वाचकांनी ही पुस्तकं अक्षरशः फाडून वाचली. चांगल्या स्थितीतली जुनी पेलिकन सहजी मिळत नाही, त्याचं हेही एक कारण.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कागदाचं रेशनिंग झालं. युद्धाआधी ज्याचा जेवढा कागद खर्च होत होता, त्या प्रमाणात त्याचा कोटा ठरला. पेंग्विनचा खप मोठा, त्यामुळे कोटाही मोठा मिळाला. पुस्तक सैनिकाच्या गणवेशाच्या खिशात बसे, म्हणून ते आघाडीवरही पोहोचलं. १९४० साली मुलांसाठी पफिन सुरू झालं. धाकटे भाऊ जॉन १९४२ साली उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेत मारले गेले. आमच्याकडे युद्धकाळातली प्रत आली तर तिचा कागद करडा आणि ठिसूळ, समास अरुंद आणि अक्षरं दाटीने बसवलेली दिसतील. तो दोष समजू नका. टंचाईतही छपाई थांबली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ही पुस्तकं देखणी का दिसतात

१९४६ साली क्लासिक्स माला निघाली. पहिलं पुस्तक होतं होमरच्या ‘ओडिसी’चं ई. व्ही. र्‍यू यांनी साध्या, बोलत्या गद्यात केलेलं भाषांतर. त्याच्या तीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. पंडितांसाठी राखून ठेवलेला ग्रंथ बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात गेला.

आमच्या मते पेंग्विनच्या इतिहासातली सगळ्यात मोलाची वर्षं १९४७ ते १९४९ ही आहेत. या काळात यान चिखोल्ड हे जर्मन अक्षररचनाकार तिथे होते. नाझींनी १९३३ साली त्यांना अटक केली होती. सुटल्यावर ते स्वित्झर्लंडला गेले आणि युद्धानंतर तिथून लंडनला आले. पेंग्विनची पुस्तकं तेव्हा बऱ्याच छापखान्यांत छापली जात आणि प्रत्येक ठिकाणचे कंपोझिटर आपापल्या सवयीने जुळणी करत. चिखोल्ड यांनी चार पानांची नियमावली लिहिली. शब्दांमधली जागा किती असावी, विरामचिन्ह कुठे बसवावं, परिच्छेदाची पहिली ओळ किती आत घ्यावी, सगळं तीत आलं. मोठ्या अक्षरांमधलं अंतर मोजपट्टीने न ठरवता डोळ्यांनी सारखं दिसेल असं करावं, हे छापखान्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागे. शेवटी त्यांनी त्या सूचनेचा रबरी शिक्काच करून घेतला आणि प्रुफांवर तो उठवू लागले. शेकडो पुस्तकांची पानं त्यांनी अशी जातीने तपासली. त्यांच्यानंतर हान्स श्मोलर यांनी १९७६ पर्यंत तीच शिस्त चालवली.

१९४५ ची एक आणि १९५० ची एक अशा दोन प्रती दुकानात मागून घ्या आणि शेजारी ठेवून पाहा. फरक आपल्याला लगेच दिसेल. दोन्ही स्वस्तच होत्या.

एक खटला लंडनमध्ये, एक मुंबईत

१९६० साली पेंग्विनने डी. एच. लॉरेन्स यांची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी काटछाट न करता छापायची ठरवली. अश्लीलतेचा नवा कायदा आदल्याच वर्षी आला होता. सरकारने खटला भरला. बचावासाठी ३५ साक्षीदार उभे राहिले. त्यांत लेखक, प्राध्यापक आणि एक बिशपही होते. आपल्या बायकोने किंवा नोकरांनी हे पुस्तक वाचलेलं तुम्हाला चालेल का, असं सरकारी वकिलांनी ज्यूरीला विचारलं. साडेतीन शिलिंगांचं हे पुस्तक कोणाच्याही हातात पडणार, ही खरी धास्ती त्या प्रश्नातून बाहेर आली. २ नोव्हेंबर १९६० रोजी पेंग्विन निर्दोष ठरलं. विक्रीच्या पहिल्याच दिवशी दोन लाख प्रती संपल्या.

हीच कादंबरी डिसेंबर १९५९ मध्ये विकल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तक दुकानाच्या भागीदारांना प्रत्येकी वीस रुपये दंड झाला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६४ साली न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. ‘रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाचा दाखला पुढची अनेक वर्षं आपल्या न्यायालयांत दिला गेला. एकाच पुस्तकाला लंडनमध्ये मोकळीक आणि मुंबईत दंड! विक्रेत्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की वीस रुपयांची ती रक्कम आम्हाला मुळीच लहान वाटत नाही.

अ‍ॅलन लेन ७ जुलै १९७० रोजी वारले आणि काही आठवड्यांतच पिअर्सन कंपनीने पेंग्विन विकत घेतलं. पुढचा इतिहास मुख्यतः कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा आहे. २०१३ साली रँडम हाउसशी विलीनीकरण झालं आणि २०२० पासून पूर्ण मालकी जर्मनीच्या बर्टेल्समन समूहाकडे आहे.

भारतातली शाखा १९८५ साली स्थापन झाली आणि तिची पहिली पुस्तकं १९८७ मध्ये आली. दिलीप चित्रे यांनी केलेलं तुकारामांच्या अभंगांचं इंग्रजी भाषांतर पेंग्विननेच १९९१ साली काढलं. ते आमच्याकडे क्वचित येतं आणि आलं की टिकत नाही. हवं असल्यास नाव नोंदवून ठेवा.

प्रत कशी ओळखावी, किंमत कशी ठरते

नारिंगी म्हणजे कथा-कादंबरी, हिरवा म्हणजे रहस्यकथा, गडद निळा म्हणजे चरित्र, गुलाबी म्हणजे प्रवास आणि साहस, लाल म्हणजे नाटक, जांभळा म्हणजे निबंध. क्लासिक्समध्ये रंग मूळ भाषेवरून ठरे: ग्रीकला तपकिरी, लॅटिनला जांभळा, फ्रेंचला हिरवा, रशियनला लाल.

सर्वांत जुन्या प्रतींवर आडवे पट्टे असतात, वर-खाली रंग आणि मधे पांढरा. पन्नासच्या दशकात उभे पट्टे आले, साठच्या दशकात चित्रं. साल पाहायचं असेल तर शीर्षक-पानाच्या मागची बाजू उघडा. पेंग्विनने ते पुस्तक पहिल्यांदा केव्हा काढलं आणि नंतर कोणत्या साली पुन्हा छापलं, ते तिथे ओळीने दिलेलं असतं. किंमत शिलिंगांत असेल तर प्रत बहुधा १९७१ पूर्वीची, कारण त्या वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनने दशमान नाणी आणली.

पेंग्विनची पहिली आवृत्ती, मूळ वेष्टन शाबूत, पानं सुटी नाहीत, अशी प्रत महाग असते. तेच पुस्तक दहाव्या पुनर्मुद्रणातलं, कोपरे दुमडलेलं, कोणाच्या तरी नावाचं असलं तर ते आम्ही वाचायच्या किमतीत देतो. मजकूर दोन्हींत तोच असतो. वाचायला हवं असेल तर स्वस्त प्रत घ्या. आम्ही कोणालाही उगाच महागडी प्रत सुचवत नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात या पुस्तकांना जपावं लागतं. युद्धकाळातल्या काही प्रती तारेच्या पिनांनी शिवलेल्या आहेत. त्या पिना गंजतात आणि कागद खातात. त्या घरी उपसू नका, आमच्याकडे आणा, आम्ही काढून दोऱ्याने शिवून देऊ. साठच्या दशकानंतरच्या बऱ्याच प्रती नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या आहेत. त्या पूर्ण उघडून पालथ्या ठेवल्या की पाठ तडकते. सेलोटेप कधीही लावू नये, त्याचा डाग जात नाही. कसर लागली असेल तर पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं ठेवा आणि लगेच दाखवा. दुरुस्तीला आम्ही मोरचूद घातलेली खळ वापरतो आणि मूळ मुखपृष्ठ कापत नाही, पुठ्ठा चढवायचा असला तरी ते आत जसंच्या तसं ठेवतो. दुरुस्तीचा खर्च प्रत पाहून आधी सांगतो. प्रतीच्या किमतीपेक्षा तो जास्त होत असेल तर तसंही स्पष्ट सांगतो.

जुनी पेंग्विन आणि पेलिकन आम्ही विकतही घेतो. घरातलं कपाट आवरताना रद्दीवाल्याला बोलवण्याआधी एकदा आम्हाला दाखवा. मुखपृष्ठ नसलेली प्रतही चालेल.