उचलत नाही, पण उतरवता येतं

१९५२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या होत्या. एकीवर बसलेला दणकट पुरुष नेहमीसारखं पॅडल मारत होता. दुसरीवर एक लहानखुरी बाई होती. तिचं काम एवढंच, की उलटी फिरणारी पॅडलं पायांनी थोपवून धरायची. थोड्याच वेळात पुरुष थकला, बाईला फारसं काही झालं नाही. ॲबट, बिगलंड आणि रिची यांचा हा प्रयोग. साखळी एकच असल्याने दोघांचाही जोर सारखाच लागत होता, पण तिला त्यासाठी लागणारा ऑक्सिजन कितीतरी कमी होता.

स्नायू आखडत असताना त्यातल्या मायोसिन या प्रथिनाची सूक्ष्म टोकं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांना पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. प्रत्येक फेरीला एटीपी हे इंधन खर्च होतं. वजन खाली उतरवताना स्नायू जोर लावत असतानाच लांबत जातो. तेव्हा बऱ्याचशा पकडी वजनाच्या ओढीनेच सुटतात, इंधन वाचतं. शिवाय टायटिन नावाचं लवचीक प्रथिन ताणलं जाऊन काही भार स्वतःवर घेतं. म्हणून आपण जेवढं उचलू शकतो त्याहून साधारण २० ते ६० टक्के जास्त वजन सावकाश उतरवू शकतो. व्यायाम कोणता आणि माणूस कोण, यावर हा आकडा बदलतो.

ही शिल्लक ताकद वापरायची, हा ओव्हरलोड व्यायामांचा एक मार्ग. आठवड्यागणिक थोडं थोडं वजन वाढवत नेणं म्हणजे प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड, तो प्रकार वेगळा. इथे आपल्या कमाल वजनापेक्षा जास्त भार आजच अंगावर घ्यायचा असतो. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलताना, बारला दोन्ही टोकांना खास आकडे लावून जादा वजन टांगतात. बार छातीशी आला की आकडे जमिनीला टेकून आपोआप निसटतात आणि वर ढकलायला हलका बार उरतो.

दुसरा मार्ग अंतर कमी करण्याचा. रॅक पुलमध्ये बार जमिनीऐवजी गुडघ्याजवळच्या पिनांवर ठेवतात. तिथून उचलताना धड जास्त उभं असतं, त्यामुळे खुब्याच्या सांध्यापासून बारपर्यंतचं आडवं अंतर घटतं आणि तेच वजन सांध्याला कमी भारी पडतं. २०१६ मध्ये ब्रिटनच्या एडी हॉलने ५०० किलोंची डेडलिफ्ट केली, म्हणजे तेवढा बार जमिनीवरून उचलून तो ताठ उभा राहिला. ते करणारा तो पहिला माणूस. एस्टोनियाच्या राउनो हाइनलाने २०२२ मध्ये १८ इंच उंचीवरून ५८० किलो उचलले!

रॅक पुलच्या आकड्यांवर बेतलेल्या रील्स मी फार मनावर घेत नाही. ताकद मुख्यतः ज्या कोनात कमावली, त्याच कोनाच्या आसपास वाढते. ज्याची डेडलिफ्ट जमिनीवरून हलतच नाही, त्याने गुडघ्यापासून पाव टन ओढून अडचण सुटणार नाही. ज्याचा बार गुडघ्याशी येऊन अडकतो, त्याला मात्र रॅक पुल कामाचा. छातीवर लाकडी फळ्या ठेवून केलेल्या बोर्ड प्रेसचंही तसंच. वरच्या टप्प्यात हात सरळ होत नसतील तर तो उपयोगी, छातीवरून बार उठतच नसेल तर नाही. जड वजनाने 'नर्व्हस सिस्टीमला सवय लागते' असं जिममध्ये छातीठोकपणे सांगतात. माझ्या मते त्यात आत्मविश्वासाचा वाटा मोठा असावा.

या सगळ्याला महागडी साधनं लागतात असंही नाही. एकही पुल-अप न जमणाऱ्यासाठी स्वतःचं शरीर हाच ओव्हरलोड. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर आणायची, पाय सोडायचे आणि चार-पाच सेकंद घेत खाली यायचं. तीन-चार वेळा पुरे, कारण सवय नसलेल्या स्नायूला असं ताणत उतरणं बोचतं. दुखणं साधारण एक ते तीन दिवसांत सर्वात जास्त जाणवतं. बेंचवर हाच प्रकार करायचा तर स्पॉटर (बार सावरायला शेजारी उभा असलेला जोडीदार) किंवा बार अंगावर पडू न देणाऱ्या सेफ्टी पिना हव्यातच. काही दिवसांनी तेवढंच काम पुन्हा केलं की दुखणं बरंच कमी असतं, कारण पहिल्याच खेपेनंतर स्नायू अशा ताणाशी जुळवून घ्यायला लागलेला असतो.