शूमानचे दोन ‘लीडरक्राइस’: ओपस २४ आणि ओपस ३९

जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानचं ‘लीडरक्राइस’ ऐकावं म्हणून शोधायला गेलं, की एकाच नावाच्या दोन गीतमालिका समोर येतात. दोन्ही १८४० सालच्या. दोन्हींत एक गायक आणि एक पियानो, तिसरं कोणी नाही. ध्वनिमुद्रणांच्या मुखपृष्ठावर बऱ्याचदा नुसतं नाव छापलेलं असतं, आणि काही अल्बमांत तर दोन्ही मालिका पाठोपाठ असतात. त्यामुळे एकीबद्दल वाचायचं आणि दुसरी ऐकायची, असं सहज होतं. ही गल्लत टाळायला हवी, कारण नाव आणि साल सोडलं तर या दोघींची जातकुळी फार वेगळी आहे.

ओळखायची सगळ्यात पक्की खूण म्हणजे कवी. (ओपस म्हणजे संगीतकाराच्या प्रकाशित रचनेचा क्रमांक.) ओपस २४ मधली नऊही गीतं हाइनरिख हाइनेची, ओपस ३९ मधली बाराही योसेफ फॉन आयखेनडॉर्फची. पहिल्या गीताचे शब्द ‘मॉर्गेन्स श्टे इख आउफ’ असे असतील तर ती हाइनेची मालिका. पहिल्या गीताचं नाव ‘इन डेअर फ्रेम्डे’ असेल तर आयखेनडॉर्फची. स्वरपट्टीवर मात्र विसंबू नये. ओपस २४ मुळात डी मेजरमध्ये सुरू होऊन तिथेच संपतं, पण खालच्या पट्टीतले गायक आपल्या आवाजाप्रमाणे ते उतरवून घेतात. ओपस ३९ चंही तसंच. आणखी एक घोळ आयखेनडॉर्फच्या मालिकेच्या पोटातच आहे: ‘इन डेअर फ्रेम्डे’ नावाची गीतं तिच्यात दोन आहेत, पहिलं आणि आठवं. शब्द वेगळे, चाल वेगळी.

आधी ओपस २४. शूमानची ओपस १ ते २३ ही सगळी प्रकाशित रचना केवळ पियानोसाठी होती. मग १८४० उजाडलं आणि त्या एका वर्षात त्याने सव्वाशेहून अधिक गीतं लिहिली. फेब्रुवारीतली ही मालिका त्या लाटेच्या अगदी सुरुवातीची. हाइनेने आपल्या ‘बुख डेअर लीडर’ या १८२७ च्या संग्रहात तरुणपणीच्या दुःखांच्या विभागात नऊ कविता एकत्र ठेवल्या होत्या. शूमानने त्या नऊच्या नऊ, त्याच क्रमाने उचलल्या. म्हणजे इथला सलगपणा कवीचा आहे. बोलणारा एकच तरुण आहे. सकाळी उठून तो विचारतो, आज ती येईल का? मग अधीर होतो, झाडांखाली एकटा भटकतो, तिच्या शहराचा निरोप घेतो, नाव पकडतो, शेवटी आपली सगळी गाणी एका पुस्तकात शवपेटीसारखी बंद करतो. ती मिर्टलच्या फुलांनी आणि गुलाबांनी सजवतो आणि म्हणतो, कधीतरी हे पुस्तक तिच्या हाती पडेल.

यातलं चौथं गीत, ‘लीब लीबखेन’, मला संपूर्ण मालिकेची किल्ली वाटतं. प्रियकर प्रेयसीला म्हणतो, माझ्या छातीवर हात ठेव, आत ठोकठोक ऐकू येते ना? तिथे एक सुतार बसला आहे, माझी शवपेटी बनवतोय. पियानोचे स्वरगुच्छ तालाच्या सरळ मात्रेवर न पडता तिच्या मागोमाग पडतात. कडव्याच्या शेवटी पियानो गप्प होतो आणि उरलेले शब्द आवाजाला एकट्याने म्हणावे लागतात. मिनिटभराचं गाणं. इथे गायकाने दुःखाचं प्रदर्शन मांडलं तर सगळं फुकट जातं. हाइनेच्या शब्दांत कडवट थट्टा आहे, ती तशीच कोरडी यायला हवी.

आठवं गीत याहूनही छोटं, चारच ओळींचं. सुरुवातीला वाटलं हे सोसवणार नाही, तरी सोसलं. कसं, ते मात्र विचारू नका. शूमानने त्याला लुथरन चर्चमधल्या सामूहिक स्तोत्रासारखी जड, सरळ चाल दिली आहे आणि ते अर्धवट वाटेल अशा जागी सोडून दिलं आहे. त्या लोंबत्या स्वरातून शेवटचं गीत उगवतं. म्हणून ओपस २४ मधलं एखादंच गीत तोडून ऐकू नये. यादीत गाणी उलटसुलट वाजवायची सोय असते, ती या मालिकेला मारक आहे.

आता मे १८४० मधलं ओपस ३९. याच मालिकेबद्दल शूमानने आपल्या वाग्दत्त वधूला, क्लाराला, कळवलं, की आपल्या हातून झालेलं हे सगळ्यात रोमँटिक काम असावं आणि यात तू पुष्कळ आहेस. तिचे वडील फ्रीडरिख वीक यांचा लग्नाला कडाडून विरोध होता, प्रकरण कोर्टात होतं आणि निकाल लागायचा होता. तो ऑगस्टमध्ये लागला. १२ सप्टेंबरला, क्लाराच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, लग्न झालं.

ओपस ३९ मध्ये गोष्ट नाही. आयखेनडॉर्फने या कविता मालिका म्हणून लिहिल्याच नव्हत्या. काही त्याच्या कादंबऱ्यांतल्या पात्रांच्या तोंडी होत्या, काही इतरत्र. त्या शूमानने वेचल्या आणि क्रम त्याने लावला. बोलणारा माणूस बदलतो. कधी तो मायबाप गमावलेला परदेशी, कधी जंगलात लोरेलाय या चेटकिणीच्या तावडीत सापडलेला घोडेस्वार, कधी आपला आनंद कुणाला न सांगणारी मुलगी. कायम राहतं ते जंगल, रात्र, दूरची घंटा, आणि परकेपणा. गीतांना एकत्र बांधायचं जे काम हाइनेच्या मालिकेत कवितेने केलं, ते इथे संगीताला करावं लागतं, आणि माझ्या मते ते इथे अधिक खोलवर झालं आहे. एफ शार्प मायनरमधल्या एकाकी सुरुवातीपासून मालिका एफ शार्प मेजरमधल्या वसंतरात्रीपर्यंत पोचते, तीही सरळ चढण न चढता. सातवं गीत, ‘आउफ आइनर बुर्ग’, घ्या. गढीवर एक म्हातारा सरदार झोपेतच दगड झाला आहे. खाली ऱ्हाइनवरून लग्नाची वरात जातेय, वाद्यं आनंदात वाजताहेत, आणि नवरी रडतेय. त्या वाद्यांचा एकही स्वर शूमान ऐकवत नाही. चाल जुन्या धर्मगीतासारखी थंड, जवळजवळ हालचाल नसलेली. ती ज्या स्वरगुच्छावर थांबते त्यातूनच पुढचं ‘इन डेअर फ्रेम्डे’ ओढ्याच्या खळखळीने सुरू होतं.

मध्यावर ‘मोंडनाख्ट’, चांदण्याची रात्र. आकाशाने पृथ्वीचं हलकेच चुंबन घेतलं असावं, असं कविता म्हणते. तेवढीच एक स्वरओळ शूमान पुन्हा पुन्हा आणतो, आणि आपल्या भाषेत सांगायचं तर षड्जावर येऊन विसावणं लांबवत राहतो. तिसऱ्या कडव्यात आत्मा पंख पसरतो तिथे प्रथमच चाल बदलते. गायन संपल्यावरही पियानो थोडं पुढे जाऊन मगच स्थिरावतो. हे गीत एकटं ऐकलं तरी पूर्ण वाटतं, हे खरंच. म्हणूनच ते मैफलीत सुटं गायलं जातं.

ओपस ३९ च्या आवृत्त्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. १८४२ साली व्हिएन्नात हास्लिंगरने ती प्रथम छापली, तेव्हा पहिलं गीत ‘डेअर फ्रोहे वांडर्समान’ होतं, आनंदी वाटसरूचं. १८५० च्या आवृत्तीत शूमानने ते काढून ‘इन डेअर फ्रेम्डे’ पुढे आणलं, आणि वाटसरू नंतर ओपस ७७ मध्ये गेला. निर्णय अचूक होता. त्या उत्साही सुरुवातीवर पुढचं जंगल इतकं गडद झालं नसतं.

ध्वनिमुद्रण निवडताना हा फरक कामी येतो. ओपस २४ मध्ये बोलणारा पुरुष आहे आणि ती बहुधा पुरुषच गातात. इयन बॉस्ट्रिज आणि ज्युलियस ड्रेक यांच्या मुद्रणात ती शूमानच्या हाइनेवरच्याच दुसऱ्या गीतमालिकेसोबत, ‘डिख्टरलीबे’सोबत, आहे. आवाज तरुण आणि अस्वस्थ, शब्दाच्या टोकाशी चावा घेणारा; या मालिकेला तो शोभतो. ‘डिख्टरलीबे’च्या सावलीत ओपस २४ दुर्लक्षित राहतं, तेव्हा ती दोन्ही शेजारी ऐकायला मिळणं चांगलंच. ओपस ३९ मात्र स्त्रियांनीही आपलंसं केलं आहे. आयर्विन गेजच्या साथीने जेसी नॉर्मनने गायलेलं मुद्दाम ऐकावं. तिथे पियानोवादकाकडे जास्त लक्ष द्या, कारण जंगल त्याच्या हातात आहे. दोन्ही मालिका एकाच आवाजात हव्या असतील, तर डीट्रिख फिशर-डीस्काउ आणि क्रिस्टोफ एशेनबाख, किंवा अलीकडचे क्रिस्टियान गेरहाहर आणि गेरोल्ड हूबर. गेरहाहर जवळजवळ बोलल्यासारखा गातो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते फिकं वाटेल, पण कवितेचा अनुवाद समोर ठेवून ‘लीब लीबखेन’ आणि ‘आउफ आइनर बुर्ग’ त्याच्याकडून पाठोपाठ ऐका: एकात थट्टेआड लपलेला माणूस, दुसऱ्यात माणूसच नाहीसा झालेला.