अरीना (बंदिस्त)

अरीना : सामने आणि संगीताचे मोठे कार्यक्रम या दोन्हींसाठी बांधलेले, छत असलेले क्रीडागार. मधोमध सपाट जागा आणि तिच्याभोवती चढत गेलेल्या आसनांच्या रांगा, अशी त्याची रचना असते. मोठ्या अरीनात साधारणतः १५ ते २० हजार प्रेक्षक मावतात. लॅटिन भाषेत ‘हारेना’ म्हणजे वाळू; रोमन आखाड्यांत सांडलेले रक्त शोषले जावे म्हणून ती पसरत. मराठीत ‘इनडोअर स्टेडियम’ हा शब्द रुळला असला, तरी ‘रिंगण’ हा शब्द या वास्तूच्या अधिक जवळ जातो.

जागा एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक, ही अरीनाची मूळ अडचण. उत्तर अमेरिकेतील आइस हॉकीचे मैदान सुमारे ६१ × २६ मी. असते, तर बास्केटबॉलचे २८.६५ × १५.२४ मी.; म्हणजे पहिले दुसऱ्याच्या साडेतीन पटींहून मोठे. हंगामात बर्फ वितळवत नाहीत. काँक्रीटच्या लादीत बसवलेल्या नळ्यांतून अतिथंड द्रव फिरवून जेमतेम तीन सेंमी. जाडीचा थर गोठलेला ठेवतात. बास्केटबॉलच्या दिवशी त्यावर उष्णतारोधक फळ्या, फळ्यांवर लाकडी मैदानाचे तुकडे, आणि मोकळ्या उरलेल्या जागेत सरकत्या खुर्च्या. रात्री सामना संपला की कामगारांची दुसरी पाळी सुरू होते आणि काही तासांत सगळे बदलते. प्रेक्षकांना यातले काहीच दिसत नाही.

आराखड्यात एका खेळाला झुकते माप मिळाले की दुसऱ्याची ओढाताण होते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचे बार्कलेज सेंटर (२०१२) प्रामुख्याने बास्केटबॉलसाठी आखलेले होते. २०१५ मध्ये तेथे आइस हॉकीचा संघ आला, तेव्हा मैदान एका बाजूला सरकवावे लागले. वर टांगलेला धावफलक त्याच्या मध्यावर येईना, आणि काही खुर्च्यांवरून एका बाजूचा गोल नीट दिसेना.

संगीताच्या मागण्या आणखी वेगळ्या. मंच बहुधा एका टोकाला असतो. त्यामुळे त्याच्या मागच्या आसनांची तिकिटे विकता येत नाहीत, पण मैदानावर नवे प्रेक्षक बसवता येतात. खरा भार छतावर पडतो. मधे एकही खांब न घेता शंभर मीटरच्या आसपासचे अंतर तोलणाऱ्या तुळयांना दिवे, ध्वनिक्षेपक आणि पडदे लटकवतात. मोठ्या दौऱ्यांत हे वजन ५० टनांपुढेही जाते. आवाजाचेही तसेच. सामन्यात गर्दीचा गजर घुमलेला हवा असतो, तर गाण्यात तोच घुमारा शब्द गिळून टाकतो. म्हणून छताच्या आतल्या बाजूला ध्वनिशोषक थर देतात. तोक्योचे निप्पोन बुदोकान १९६४ च्या ऑलिंपिकमधील ज्युदोसाठी बांधले गेले आणि दोनच वर्षांत तेथे बीटल्स गायले. अशी दुहेरी कीर्ती फार थोड्या वास्तूंच्या वाट्याला आली आहे.

वाहनतळासाठी मुबलक जमीन मिळते म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत अरीना शहराबाहेर नेण्याकडे कल होता. क्लीव्हलँड आणि ॲक्रन या शहरांच्या मधल्या शेतजमिनीवर १९७४ मध्ये रिचफील्ड कोलिझियम उभे राहिले. १९९४ मध्ये तेथे खेळणारा बास्केटबॉल संघ क्लीव्हलँडच्या मध्यवस्तीत परतला. १९९९ मध्ये ती इमारत पाडली आणि जमीन राष्ट्रीय उद्यानात गेली. मध्यवस्तीत येण्यामागे रेल्वे, हॉटेले आणि पायी येणारी गर्दी यांचा हिशेब असतो. सार्वजनिक पैसा ओतण्यासाठी रोजगार आणि धंदावाढीची कारणे पुढे केली जातात. बहुतेक अर्थतज्ज्ञांना ती पटत नाहीत, कारण तिकिटावर खर्च होणारा पैसा बराचसा त्याच शहरातल्या दुसऱ्या करमणुकीतून वळलेला असतो. फिलाडेल्फियात चायनाटाउन या चिनी वस्तीलगतच्या नियोजित अरीनाला रहिवाशांनी कडाडून विरोध केला. डिसेंबर २०२४ मध्ये नगरपरिषदेची मंजुरी मिळूनही पुढच्याच महिन्यात तेथील बास्केटबॉल संघाच्या मालकांनी तो बेत सोडला.

न्यूयॉर्कचे सध्याचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन (१९६८) तर थेट पेन्सिल्व्हेनिया स्थानकाच्या डोक्यावर बसले आहे. त्यासाठी जुन्या स्थानकाची देखणी इमारत पाडली गेली, आणि त्यावरून उठलेल्या संतापाने शहराच्या १९६५ च्या वास्तुजतन कायद्याला बळ मिळाले. खालचे स्थानक आज अपुरे पडते आणि वरचे अरीना त्याच्या विस्ताराच्या आड येते. २०२३ मध्ये नगरपरिषदेने अरीनाचा परवाना वाढवला, तो फक्त ५ वर्षांसाठी.