पांडवलेणी पांडवांची नव्हेत

नाशिकच्या पांडवलेण्यांत वनवासातले पांडव राहायचे, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. भिंतींवरचे शिलालेख मात्र वेगळंच सांगतात: ही बौद्ध भिक्षूंची लेणी. शिलालेखांची ब्राह्मी लिपी वाचणारं कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे बुद्धमूर्तींना लोक धर्मराज-भीम म्हणू लागले, तर नवल नाही.

दहाव्या लेण्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि वर ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, कायमचे ठेवले. म्हणजे मुदत ठेवच, फक्त मुदत नसलेली! त्यातल्या २००० वर महिन्याला शेकडा एक व्याज. वर्षाचे झाले २४०. त्यातून इथे वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या, २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो. तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचं दान कोरलंय. इतका लेखी पुरावा असताना पांडव कुठून आणायचे?

अठरावं लेणं म्हणजे चैत्यगृह, भिक्षूंचं प्रार्थनास्थळ. तिथे मुळात पूजा व्हायची ती स्तूपाची, त्याला प्रदक्षिणा घालून. बुद्धमूर्ती इथे आल्या त्या काही शतकांनी, बौद्ध धर्माच्या महायान पंथाच्या काळात.